तारणातले बूट

नववर्षाच्या पहिल्या दिवशी न्यामवुलाला एकोणीस हजार शिलिंग मिळायचे होते. हवे होते अठरा हजार चारशे. मधल्या सहाशेंत देवानं, वाऱ्यानं आणि पंक्चरनं काय ते आपापसात वाटून घ्यावं, असा तिचा हिशेब होता.

हिशेब कच्चा नव्हता. ट्रकच्या चाकांच्या सव्वीस ट्यूबा तिच्या स्वतःच्या. चौदा ट्यूबा महामार्गावरच्या टायरवाल्याकडून अर्ध्या वाट्यानं आणलेल्या. एक ट्यूब एक तास पाण्यात गेली की शंभर शिलिंग. दिवसभरात प्रत्येक ट्यूब सहा वेळा जाते असं धरलं की चोवीस हजार. त्यातून टायरवाल्याचे चार हजार दोनशे गेले, पालिकेच्या पावतीचे तीनशे आणि किनाऱ्यावरच्या धंदेवाल्यांच्या मंडळाचे पाचशे गेले. राहिले एकोणीस. एवढं गणित ती पहाटे ट्यूबा फुगवता फुगवताच करून मोकळी झाली होती, आणि वर माहाम्रीच्या गोडसर तळलेल्या पुऱ्या आणि तुरीची उसळही खाऊन झाली होती.

पैसे हवे होते ते गाळ्यासाठी. मोम्बासाच्या उत्तरेच्या या सार्वजनिक किनाऱ्यावर पालिकेनं बारा पक्के गाळे बांधले होते आणि पंधरा जानेवारीपासून बाकी सगळ्यांनी वाळूवरून उठायचं होतं. अनामत तीस हजार. अकरा गाळे गेले होते. बारावा मंडळानं न्यामवुलासाठी धरून ठेवला होता, पण दोन तारखेच्या सकाळी दहापर्यंतच. त्यानंतर तो शहरातल्या एका माणसाला जाणार होता, जो प्लास्टिकची गुलाबी बदकं भाड्यानं देत असे. डिसेंबरभर शाळा बंद झाल्यापासून तिनं अकरा हजार सहाशे साठवले होते. उरलेले आज. आज नाही तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वाळू सोडून कुठं जायचं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बदकांखाली काम करायची तिची तयारी नव्हती.

तशी ती पोहणाऱ्यांवर जगत नव्हती. ज्याला पोहता येतं तो ट्यूब कशाला घेईल? ती जगत होती आतल्या मुलखातून बस भरभरून येणाऱ्या लोकांवर, ज्यांच्या गावात नदी वर्षातून तीन महिने असते. ‘पोहता येतं का’ हा प्रश्न किनाऱ्यावर कुणीच विचारत नसे. खाटकानं गिऱ्हाइकाला ‘दात आहेत का’ विचारण्यासारखं ते. गिऱ्हाईक बिथरतं.

विचारायचं ते एकच. “बूट?”

ट्यूब घ्यायची तर बूट ठेवायचे. हे तारण न्यामवुलाच्या नवऱ्यानं, तो होता तेव्हा, सुरू केलं आणि मग साऱ्या किनाऱ्यानं उचललं. सणाला येणारा माणूस एक वेळ टोपी जुनी घालील, पण बूट नवे घालतो. ट्यूबवर पांढऱ्या रंगानं नंबर, झाडाला बांधलेल्या दोरावर त्याच नंबरचा खिळा, आणि खिळ्याला नाड्यांनी टांगलेले बूट. दुपारपर्यंत तिच्या सुरूच्या झाडाला बुटांचा असा काही घड लागे की नवखा माणूस थांबून विचारे, “काय भाव?” वेळेवर आला तर बूट फुकट परत. उशीर झाला तर सुरू झालेल्या प्रत्येक तासाला दोनशे, मगच बूट. म्हणून न्यामवुलाच्या मते वेळेवर येणारं गिऱ्हाईक शंभराचं आणि उशिरा येणारं तीनशेचं. पाण्यात रमलेल्या माणसाला हाक मारून बाहेर काढणं हा तिच्या लेखी मूर्खपणा होता.

सकाळी मंडळाचे चेअरमन न्दुर्या पाचशे गोळा करत आले. पोटावर पावतीपुस्तक, गळ्यात शिटी.

“बाई, नियम लक्षात आहे ना?”

“कुठला? तुमचे नियम किनाऱ्यावरच्या खेकड्यांपेक्षा जास्त झालेत.”

“शिटीचा. माणूस दिसेनासा झाला की तीन लांब शिट्या. सगळ्यांनी ट्यूबा आत ओढायच्या, बोटी शोधाला, पाणी बंद. पण खोटी शिटी वाजली तर दंड पाच हजार. ईस्टरला काय झालं माहीत आहे तुला.”

ईस्टरला काय झालं ते सगळ्यांनाच माहीत होतं. एका ट्यूबवाल्यानं घाबरून शिटी फुंकली, दीड तास किनारा बंद राहिला, आणि हरवलेला इसम नारळाच्या झाडामागे कसाव्याचे तळलेले काप खाताना सापडला. त्या दीड तासात किनाऱ्याचा दीड लाखांचा धंदा बुडाला, असं मंडळात ठरलं. दंड लागला तेव्हापासून. त्याआधी शिटी स्वस्त होती.

“माझी शिटी गंजलीय,” न्यामवुला म्हणाली. “काळजी करू नका.”

एक वाजता बत्तीस नंबरची ट्यूब परत आली आणि न्यामवुलापुढे मुल्वा उभा होता. किटुईकडचा माणूस, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. मधवाल्यांच्या सोसायटीनं बस केली होती. त्याच्याबरोबर त्याची बायको कालोंदू, डोक्यावर टॉवेल घेऊन समुद्राकडे अशा नजरेनं बघत होती जशी उधारी मागायला आलेल्याकडे बघतात.

“ताई, ही फुटणार तर नाही?” मुल्वानं ट्यूबवर थाप मारली.

“लॉरी पेलत होती ती. तुम्ही लॉरीपेक्षा जड आहात का?”

“हिला विचारा. आमच्यात वजनाचा हिशेब हीच ठेवते.”

“जड नाहीत,” कालोंदू म्हणाली. “पण लॉरीला ब्रेक असतो.”

न्यामवुला हसली. मग ती म्हणाली, “बूट?”

मुल्वानं बूट काढले. तपकिरी, चामड्याचे, टाच अजून झिजलेली नव्हती. तीन हजारांच्या खाली नक्की नाही; न्यामवुलाचा अंदाज या बाबतीत दुकानदाराहून पक्का होता. त्यानं नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट तिच्या हातात दिले आणि एकदा परत मागून घेऊन आतली वाळू झटकली.

“हे घेऊन पळालात तर?”

“मी पळून कुठं जाते? तुम्ही मात्र बोटींच्या रांगेपलीकडे जाऊ नका. ओहोटी आहे. पाणी बाहेर ओढतं.”

हे वाक्य ती दर वेळी म्हणे. दिवसातून दोनशे चाळीस वेळा म्हटलेल्या वाक्याला जेवढा जोर उरतो, तेवढाच त्याला होता. मुल्वा तोवर पाण्याकडे निघाला होता. कालोंदू सोसायटीच्या बायकांकडे झाडांखाली गेली. तिनं पाण्याला पायही लावला नाही.

दोन वाजता मुल्वा आला नाही. न्यामवुलानं वहीत बत्तीसपुढे एक खूण केली, म्हणजे दोनशे. तीनला दुसरी. तिला बरं वाटलं. सकाळी चार ट्यूबा पंक्चर झाल्या होत्या आणि वरचे सहाशे केव्हाच गेले होते. आता असं एखादं रमलेलं गिऱ्हाईकच खड्डा भरून काढणार होतं. पाण्यात हजारो डोकी होती. त्यातलं एक कुठलंही त्याचं असू शकत होतं.

चार वाजता अथमान आला. अथमानची निळी बोट, तळाला काच बसवलेली. एरवी तो लोकांना बाहेरच्या खडपाच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांच्या, रांगेपर्यंत नेऊन मासे दाखवी आणि माणशी पाचशे घेई. पण सणाच्या दिवशी लांबची फेरी परवडत नाही. आत पंधरा मिनिटांचा फेरा मारायचा, दीडशे घ्यायचे, पुढचे चढवायचे. सगळ्या बोटी आज तेच करत होत्या, त्यामुळे खडपाकडे सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. अथमानच्या खांद्यावर ट्यूब होती. बत्तीस नंबरची.

“वहिनी, तुझं बाळ रडत होतं. आणून सोडलं.”

“कुठं सापडली?”

“आतच. पण बरीच बाहेरच्या अंगाला. इंजिन थांबवून वाकावं लागलं. दोनशे.”

“दोनशे? ट्यूब आणलीस की वधू?”

“वधूचे मी जास्त घेतो. बोल लवकर, माणसं खोळंबलीत.” मग तो जरा थांबला. “रिकामी कशी? कोण होतं हिच्यावर?”

न्यामवुलानं ट्यूब घेतली. वरून कोरडी होती, उन्हानं तापलेली. म्हणजे बराच वेळ तिच्यावर कुणी नव्हतं.

“असेल कुणी,” ती म्हणाली. “कंटाळून सोडून दिली असेल. पोरं करतात तसं.”

“पोरं,” अथमान म्हणाला. त्यानं झाडाकडे पाहिलं. बत्तीसच्या खिळ्याला तपकिरी बूट होते. पोराचे नव्हते. त्यानं ते पाहिले, आणि आपल्या बोटीपाशी शहाळं पीत थांबलेली बारा माणसं पाहिली. न्यामवुलानं डब्यातून दोनशे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं नोटा दुमडल्या आणि तो गेला.

आता इथं न्यामवुलाला मूर्ख समजू नये. ती हिशेबी बाई होती आणि हिशेब तिनं तेव्हाच केला. चारशेचा दंड चुकवायला तीन हजारांचे नवे बूट सोडून जाणारा माणूस देवानं अजून घडवलेला नाही. ट्यूब आली आणि बूट न्यायला कुणी आलं नाही, म्हणजे माणूस पाण्यात आहे. हे गणित सुटायला तिला नोटा दुमडायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

पण त्याच्याच शेजारी दुसरं गणित होतं. डब्यात चौदा हजार सातशे होते, त्यातले दोनशे आत्ता गेले. कमी तीन हजार नऊशे. चार ते सहा हे दोन तास म्हणजे दिवसाची साय. ऊन उतरतं, तेव्हा म्हाताऱ्यासुद्धा ट्यूब मागतात. शिटी फुंकली की पाणी बंद, साय गेली, गाळा बदकांना. आणि माणूस कसाव्याचे काप खाताना सापडला तर वर पाच हजार. शिवाय अर्ध्या चंद्राच्या भांगाचे दिवस होते, पाण्याला उधाणाचा जोर नव्हता. तीनला ओहोटी संपून पाणी वळलं होतं. भरती माणसाला आत आणते, बाहेर नेत नाही. येईल. बुटांसाठी तरी येईल.

“ट्यूब आहे का मोकळी?” एक पोरगेलासा शिपाई समोर उभा होता, शेजारी मैत्रीण.

न्यामवुलानं बत्तीस पुढे केली. “बूट?”

त्याचे बूट तिनं त्याच खिळ्याला टांगले, मुल्वाच्या बुटांवर. आणि वहीत शिपायाचे शंभर लिहिले. मुल्वाच्या नावापुढे चारची तिसरी खूणही केली. खूण केली नसती तर चारला ट्यूब परत आली असं वहीनं सांगितलं असतं. तेव्हा तिच्या मनात हे इतकं स्पष्ट नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगत असे. हात सवयीनं चालतो.

साडेचारला कालोंदू आली. हातात माबुयूची, म्हणजे लाल साखरेत घोळवलेल्या गोरखचिंचेच्या बियांची, पुडी, ओठ लाल झालेले.

“ताई, आमचे हे अजून नाही आले?”

“नाही.”

“बस साडेपाचला सुटते. सोसायटीचा सेक्रेटरी माणसं मोजतोय. मी म्हटलं बिअर प्यायला गेले असतील, तर तिथंही नाहीत.” मग तिची नजर झाडाकडे गेली. शिपायाच्या बुटांखालून तिनं तपकिरी टाच ओळखली, आणि तिचे खांदे खाली आले. “बूट आहेत की. मग झालं. हे बूट सोडून कुठं जायचे नाहीत. दुकानात तीन फेऱ्या मारून घेतलेत. दोन रात्री उशाशी ठेवून झोपले.”

“बरोबर बोललात,” न्यामवुला म्हणाली.

“म्हणजे इथंच असतील.”

“इथंच असतील.”

“हट्टी आहेत हो. एकदा पोळ्याचा मध काढायला झाडावर चढले, तर माश्या चावून तोंड भोपळा झालं, तरी मडकं भरल्याशिवाय उतरले नाहीत.” तिनं पुडी पुढे केली. “घ्या ना.”

न्यामवुलानं चार बिया घेतल्या आणि तोंडात टाकल्या. आंबटगोड होत्या. कालोंदू झाडाला टेकून, बुटांच्या खालीच बसली. म्हणाली, “इथंच बसते. बुटांजवळच येतील.”

पुढची पन्नास मिनिटं न्यामवुलाच्या आयुष्यातली सर्वांत जास्त कमाईची ठरली. ठिगळं लावलेल्या चार धरून चाळीसच्या चाळीस ट्यूबा पाण्यात होत्या आणि हात पुढे करून माणसं रांगेत होती. ती शंभराच्या नोटा घेत होती, बूट टांगत होती, ‘बोटींच्या रांगेपलीकडे जाऊ नका’ म्हणत होती. कालोंदू मधूनमधून बोलत होती. तिकडे पाऊस लांबला, शेळ्यांना काय घालायचं, मधाला यंदा भाव बरा आहे. न्यामवुला हूं हूं करत होती. भरती आत येत होती आणि लांब, किलोमीटरभर दूर, खडपावर फुटणारी पांढरी रेघ हळूहळू बारीक होत होती. म्हणजे खडप बुडत होतं. किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईला ती रेघ वाचायला शिकवावी लागत नाही. तिनं त्या बाजूला पाठ केली होती. पाच वाजता तिनं बत्तीसपुढे चौथी खूण केली.

पाच वीसला तिनं डबा मोजला. टायरवाल्याचा वाटा वेगळा काढून अठरा हजार चारशे.

पाच पंचवीसला तिनं शिटी फुंकली. तीन वेळा, लांब.

गंजलेली मुळीच नव्हती.

मग जे व्हायचं ते झालं. ट्यूबवाले पाण्यात धावले, लोक ओरडत बाहेर येऊ लागले, पैसे परत मागू लागले. शिटी झाली तर पैसे परत नाहीत हे फळीवर लिहिलेलं होतंच. न्दुर्या धापा टाकत आले.

“कोण? कुणी वाजवली? बाई, तू? खोटी निघाली तर बघ!”

“बत्तीस नंबर,” न्यामवुला म्हणाली. “बूट आहेत, माणूस नाही.”

कालोंदू उठून उभी राहिली. तिला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, “पण तुम्हीच म्हणालात इथंच असतील.” मग तिला समजलं, आणि तिनं खिळ्यावरचे बूट ओढून छातीशी धरले. शिपायाचे बूट खाली पडले.

बोटी सुटल्या. बाकीच्या सगळ्या किनाऱ्याला समांतर, आतल्या पाण्यात इकडे तिकडे फिरू लागल्या. एकटा अथमान कुणाला काही न विचारता नाक सरळ खडपाकडे करून गेला, इतक्या जोरात की काचेच्या तळाची त्यानं पर्वा केली नाही.

तो परत आला तेव्हा सूर्य नारळांच्या मागे गेला होता. बोटीत मुल्वा आडवा होता आणि जिवंत होता.

ओहोटीनं त्याला दुपारीच खडपापर्यंत ओढत नेलं होतं. तिथं लाटेनं ट्यूब उलटली आणि गेली. तो धडपडत खडपावर चढला आणि उभा राहिला. तीन तास. आधी पाणी घोट्यापर्यंत होतं, मग गुडघ्यापर्यंत, अथमान पोचला तेव्हा छातीशी. बसता येत नव्हतं, हलता येत नव्हतं, कारण पायाखाली प्रवाळाची धार आणि भेगाभेगांत काळे काटेगोळे, साळिंदरासारख्या काट्यांचे समुद्री जीव, आणि प्रत्येक लाट त्याला उचलून पुन्हा त्यांच्यावरच ठेवत होती. पाय अनवाणी होते. बूट झाडावर होते.

त्याचे तळवे पाहून न्दुर्यांसारखा माणूससुद्धा बाजूला झाला. जीवरक्षकानं व्हिनेगर ओतलं तेव्हा मुल्वानं बायकोचा हात दाबला, ओरडला नाही. मधमाश्यांचा माणूस.

“शर्ट काढून हलवत होतो,” तो थांबत थांबत म्हणाला. “सगळ्या बोटी दिसत होत्या मला. मोजल्या. चौदा. एक निळी चारच्या सुमारास जवळ आली होती, माझी ट्यूब उचलली. मी ओरडलो. इंजिन चालू असेल.”

अथमान बोटीचा दोर गुंडाळत होता. तो गुंडाळतच राहिला.

“इंजिनाचा आवाज फार असतो,” न्यामवुला म्हणाली.

“होय, असतो,” मुल्वा म्हणाला.

त्यानं ‘निळी’ म्हटलेलं गर्दीत कुणाच्या कानांत शिरलं नाही. किनाऱ्यावर पाच बोटी निळ्या आहेत, आणि आता सगळ्यांना दुसरंच बोलायचं होतं. न्दुर्यांनी आवाज चढवून सुरुवात केली. ही बाई, बुटांवरून ओळखलं हिनं! दहा हजार माणसांत एक माणूस कमी आहे हे दोन जीवरक्षकांना कळलं नाही, मंडळाला कळलं नाही, हिला कळलं. याला म्हणतात धंदा. उद्यापासून किनाऱ्यावर प्रत्येकानं बूट असेच नंबरावारी टांगायचे!

“देव तुमचं भलं करो, ताई,” मुल्वा म्हणाला. “बूट मोजलेत म्हणून मी आहे.”

न्यामवुलाला काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, “पाय झाका यांचे, वाळू जाते.”

“आणि उशिराचा आकार किती झाला?”

“काही नाही. राहू द्या.”

“राहू द्या कसं? आम्ही सोसायटीतली माणसं. कुणाचं ठेवून जात नाही.”

“नको म्हणते ना मी!”

पण न्दुर्यांच्या हातात वही होती. ते अभिमानानं सगळ्यांना ती दाखवत होते, आणि त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. “दोन, तीन, चार, पाच. चार खुणा. आठशे. बघा, किती व्यवस्थित ठेवलंय बाईनं.”

कालोंदूनं कमरेच्या गाठीतून आठशे काढले. नोटा दमट होत्या. तिनं त्या न्यामवुलाच्या हातावर ठेवल्या आणि तिच्याकडे पाहिलं. ती साडेचारपासून त्या झाडाखाली बसली होती. मुल्वाच्या पायांत बूट जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं ते नाड्यांनी आपल्या गळ्यात अडकवले आणि चार माणसांनी मुल्वाला उचलून बसकडे नेलं. सेक्रेटरीनं माणसं पुन्हा मोजली. बरोबर भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता न्यामवुलानं तीस हजार भरले. बदकंवाला कचेरीच्या दारात पैसे घेऊन उभा होता. त्यानं हसून तिचं अभिनंदन केलं. न्दुर्यांनी गाळ्याची किल्ली देताना पुन्हा तेच भाषण केलं, या वेळी पालिकेच्या माणसासमोर.

ती गाळ्यात एकटीच खिळे ठोकत होती तेव्हा अथमान आला. आत आला नाही. उंबऱ्यावर त्यानं दोनशे शिलिंग ठेवले, त्याच दोन नोटा, तशाच दुमडलेल्या.

“हे कशाचे?” तिनं विचारलं.

“कशाचेच नाहीत. मी काल तुझ्याकडे काही आणलं नाही, वहिनी. चार वाजता मी आलोच नव्हतो.”

“अथमान, तुला ऐकू आलं होतं का रे तो ओरडत होता ते?”

“तुला बूट दिसले होते का?”

ती खिळा ठोकू लागली. तो गेला. नोटा वाऱ्यानं हलायला लागल्या तेव्हा तिनं उठून त्या उचलल्या.

किटुईच्या दवाखान्यातून महिनाभरानं खबर आली, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडून. काटे खोल गेले होते. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता झाडावर चढणं नाही. मधमाश्यांची पोळी भावाला दिली. बूट विकायला काढलेत, नवेच आहेत, कुणी असेल तर सांगा.

त्या संध्याकाळी न्यामवुलानं वही उघडली. बत्तीस नंबरची एक तारखेची ओळ तिथं होतीच. चार ते पाच या तासाचे शंभर शिपायानं दिलेले, आणि त्याच तासाचे दोनशे मुल्वानं. एकाच ट्यूबचं, एकाच तासाचं भाडं दोघांकडून: जो तिच्यावर बसला होता त्याच्याकडून, आणि जो खडपावर उभा होता त्याच्याकडून. पाचची खूण धरली तर चारशे जास्तीचे घेतले गेले होते. परत पाठवायला अडचण नव्हती, मोबाईलवरून एका मिनिटाचं काम. पण चारशे परत करायचे तर ट्यूब चारला आली होती असं म्हणावं लागेल, आणि चार वाजता तर कुणीच आलेलं नव्हतं.

तिनं बेरीज केली. गाळ्याचे तीस हजार भरून वर एक हजार राहत होते. त्यातले आठशे कालोंदूच्या गाठीतले, दोनशे अथमानचे. अथमानचे फिटले, टायरवाल्याचे फिटले, मंडळाचे फिटले. शिपायाला पंचवीस मिनिटं फुकट मिळाली होती. न्यामवुलाच्या खिशातून काही गेलं नव्हतं. दोन बोटं, पोळी आणि बूट एवढं मुल्वाकडून आलं होतं, पण वहीत त्याला रकाना नव्हता.